एलसीआरचं प्रॅक्टिकल लावण्याआधी

एलसीआर म्हणजे कॉइल (L), कपॅसिटर (C) आणि रेझिस्टर (R) एकामागोमाग जोडलेलं एसी सर्किट. रेझिस्टर, वायरी, वही, कॅल्क्युलेटर हे सांगायला नको. कॉइल हातात आली की आधी तिचा स्वतःचा रेझिस्टन्स मोजा. सप्लाय जोडायच्या आधी, मल्टिमीटर ओहमवर लावून. आकडा वहीत सगळ्यात वर लिहा. मागच्या खेपेला हेच राहिलं आणि व्होल्टेजचा ताळा शेवटपर्यंत बसला नाही.

सप्लाय स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा, सहा व्होल्टच्या आतला. थेट 230 व्होल्टवर अजिबात नाही, त्याचं शिखर 325 पर्यंत जातं. आपल्याकडं शेतीपंपांच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसतं, म्हणून प्रत्येक रीडिंगसोबत सप्लायचंही व्होल्टेज टिपा. कपॅसिटर एसीला चालणाराच घ्या. प्लस-मायनसची खूण असलेला इलेक्ट्रोलायटिक लावला तर तापून फुटतो. मीटर एसीवर आहे ना, बघा.

आता कॉइल. कॉइल म्हणजे नुसता इंडक्टर नव्हे, तारेचा रेझिस्टन्स तिच्या पोटातच असतो. समजा 50 हर्ट्झला 20 मिलिअँपिअर करंट आहे. रेझिस्टर 100 ओहम, कपॅसिटर 10 मायक्रोफॅरड, कॉइल अर्ध्या हेन्रीची आणि तिचा रेझिस्टन्स 60 ओहम. रेझिस्टरवर 2 व्होल्ट मिळतील, कपॅसिटरवर 6.37, कॉइलवर 3.36. यांची सरळ बेरीज करायची नाही, फेज वेगळे आहेत, म्हणजे तिघांची शिखरं एकाच वेळी येत नाहीत. पण कॉइलचे 3.36 निव्वळ इंडक्टन्सचे धरून फेजर (व्होल्टेज बाणांनी दाखवणारी आकृती) काढला तर सप्लाय 3.61 व्होल्ट येतो आणि मीटर दाखवतं 4.54. मग मीटरवर संशय, जोडणीवर संशय, सगळं उकलून पुन्हा जोडा! खरं तर कॉइलच्या 3.36 मध्ये 1.2 व्होल्ट त्या 60 ओहमचे आहेत आणि 3.14 इंडक्टन्सचे. ते 1.2 रेझिस्टरच्या 2 व्होल्टमध्ये मिळवा, 6.37 मधून 3.14 वजा करा, मग दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. 4.54 येतं. म्हणून म्हणतो, कॉइलचा रेझिस्टन्स आधी मोजा.

कपॅसिटरवर सप्लायपेक्षा जास्त व्होल्ट दिसले तर घाबरू नका, रीडिंग खोडू तर मुळीच नका. बरोबर आहे ते.

फंक्शन जनरेटर (हवी ती फ्रीक्वेन्सी देणारा सप्लाय) असेल तर त्याचं व्होल्टेज सर्किट जोडलेलं असतानाच मोजा. रेझोनन्सजवळ, म्हणजे इंडक्टन्स आणि कपॅसिटरचे व्होल्टेज एकमेकांना खोडतात त्या फ्रीक्वेन्सीजवळ, ते पडतं. मिली, मायक्रो तपासा. फेजर पट्टीनं, एकाच स्केलवर. कॉइल बदलून मिळाली? रेझिस्टन्स पुन्हा मोजा.