नाशिकहून टेक्सासचं मतदान: न्यायाधीशांचे रकाने रिकामे सोडू नका

ह्यूस्टन-डॅलसला स्थायिक झालेले अनेक नाशिककर गणपतीला घरी येतात ते दिवाळी करूनच परततात. टेक्सासची ३ नोव्हेंबर २०२६ ची निवडणूक नेमकी याच काळात येते. अमेरिकी नागरिक असाल तर इथूनही मत देता येतं. एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मात्र अर्जालाही हात लावू नका. नागरिकत्वाशिवाय केलेलं मतदान गुन्हा ठरतं आणि तिथलं राहणंच धोक्यात येतं.

अर्जाचं नाव फेडरल पोस्टकार्ड ॲप्लिकेशन. तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो, गेल्या वर्षीचा चालत नाही. सही करून स्कॅन केलेली प्रत आपल्या कौंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडणूक कार्यालयाला ईमेल करा. तो निवडणुकीच्या ११ दिवस आधीपर्यंत, म्हणजे यंदा २३ ऑक्टोबरपर्यंत पोहोचायला हवा. पण तोवर थांबलात तर टपालाला वेळच उरत नाही. ऑगस्टमध्येच पाठवा आणि मतपत्रिका ईमेलने मागवा. ती ४५ दिवस आधी, १९ सप्टेंबरच्या सुमारास, ऐन गणपतीत येईल.

सगळ्यात महागात पडणारी चूक याच अर्जात होते. 'परत जाणार आहे' आणि 'परतण्याचं नक्की नाही' असे दोन पर्याय असतात. दुसऱ्यावर खूण केली, तर टेक्सास फक्त केंद्रीय पदांची मतपत्रिका पाठवतं. गव्हर्नर नाही, ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) नाही, एकही न्यायाधीश नाही. दोन-चार महिन्यांसाठी आला असाल तर पहिलाच पर्याय खरा आहे.

आपल्याकडे न्यायाधीश नेमले जातात; तिथे ते पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. टेक्सासला सर्वोच्च न्यायालयं दोन: दिवाणी बाबींसाठी सुप्रीम कोर्ट, फौजदारीसाठी कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स. दोन्हीकडे नऊ-नऊ जागा, मुदत सहा वर्षं, मतदान राज्यभर. फाशीच्या प्रकरणात राज्यातला शेवटचा शब्द या दुसऱ्या कोर्टाचा असतो, तरी बरेच जण तिथवर पोहोचेपर्यंत कंटाळतात. २०२० पासून एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देण्याची सोय बंद झाली आहे, त्यामुळे प्रत्येक जागेवर वेगळी खूण करावी लागते. ह्यूस्टनच्या हॅरिस कौंटीत नुसत्या न्यायाधीशांच्याच डझनावारी जागा असतात. एक गफलत टाळा: 'कौंटी जज' हा मुख्यतः कौंटीच्या कारभाराचा प्रमुख असतो, त्याला न्यायाधीश समजून तोलू नका.

१९९४ नंतर डेमोक्रॅट उमेदवार राज्यव्यापी निवडणूक जिंकलेला नाही. त्यामुळे खरी लढत बहुधा मार्चच्या रिपब्लिकन प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच होते. कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्सने २०२१ मध्ये निकाल दिला की ॲटर्नी जनरलला निवडणूक गुन्ह्यांचे खटले स्वतःहून चालवता येणार नाहीत. ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि मार्च २०२४ च्या प्रायमरीत शॅरन केलर, बार्बरा हर्वी, मिशेल स्लॉटर या त्याच कोर्टाच्या तिघी विद्यमान न्यायाधीश हरल्या. प्रायमरीत मतदाराची पक्षनोंदणी लागत नाही. पण एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं की मे महिन्यातल्या रनऑफमध्ये (कुणालाच बहुमत न मिळाल्यास होणाऱ्या फेरमतदानात) दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही. ज्याला न्यायाधीशांची खरंच काळजी आहे त्याने मार्च चुकवू नये.

उमेदवार पारखायला कौंटीच्या संकेतस्थळावरून नमुना मतपत्रिका उतरवून घ्या. स्टेट बार ऑफ टेक्सासची वकिलांमधली पसंती चाचणी आणि लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदार-जागृती संस्थेची मार्गदर्शिका शेजारी ठेवा. न्यायाधीश आधीच पदावर असेल तर त्याचे दोन निकाल वाचा. कोर्टाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. प्रचारपत्रकापेक्षा निकालातून माणूस जास्त कळतो.

छपाई शक्यतो घरच्या प्रिंटरवर. झेरॉक्सच्या दुकानात जावं लागलं तर कोरी मतपत्रिकाच छापा आणि फाइल तिथल्या संगणकावरून आणि व्हॉट्सॲपवरून पुसून टाका. खुणा ठळक करा, कारण घरी छापलेला कागद मतमोजणी यंत्राला चालत नाही. कर्मचारी तुमची मतं अधिकृत मतपत्रिकेवर उतरवतात. मतपत्रिका आतल्या पाकिटात, सही सांगितलेल्या जागी. सही राहिली तर मत बाद होऊ शकतं. भरलेली मतपत्रिका तुम्हाला ईमेलने परत पाठवता येत नाही. स्पीड पोस्ट किंवा कुरियरने घटस्थापनेच्या आत रवाना करा आणि पावती जपून ठेवा. मतदान संपतं ते तिथल्या संध्याकाळी सातला. नाशिकला तेव्हा ४ नोव्हेंबरचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात.

नाशिकच्या मतदार यादीत अजून नाव असेल तर नमुना ७ भरून ते कमी करून घ्या. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या) इथे मतदान करता येत नाही.