निखाऱ्यावरच्या मटणासाठी खान्देशी सुका मसाला

खान्देशात मटण म्हटलं की काळ्या मसाल्याचा रस्सा आधी आठवतो. त्यामुळे शेतात निखारे फुलले की घरातल्या बरणीतला तोच मसाला मटणाला चोळावासा वाटतो. तसं करू नका. बऱ्याच घरच्या काळ्या मसाल्यात खोबरं असतं, वाटणात भाजलेला कांदाही असतो. रश्श्याला त्यानं दाटपणा येतो, पण उघड्या निखाऱ्यावर मटण शिजायच्या आत दोन्ही करपतात आणि कडू लागतात. भाजण्यासाठी खोबरं-कांदा वगळून कोरडा मसाला वेगळाच करावा.

साधारण चार किलो मांसाला पुरेल असा मसाला करायचा तर धने ४० ग्रॅम, जिरं १५, ब्याडगी मिरची १५, लवंगी मिरची १०, काळी मिरी ८, दगडफूल ३, दालचिनी ३, लवंग २, दोन मसाला वेलच्या आणि एक बाद्यान (चक्रीफूल) घ्या. वरून हळद आणि सुंठपूड एकेक लहान चमचा. रंग ब्याडगीचा, झटका लवंगीचा. नंदुरबारच्या बाजारात मिरची मिळत असेल तर तीच घ्या, मात्र मूठभर हातात घेऊन चुरगळून पाहा. कुरकुरीत तुटली पाहिजे. दगडफुलावर काटकसर करू नका. धुरासोबत त्याचा वास फार सुंदर खुलतो.

सगळं निवडून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. मग जाड बुडाच्या कढईत, तेलाचा थेंबही न घालता, मंद आचेवर एकेक जिन्नस वेगळा भाजा. धने आणि मिरची एकत्र टाकली तर धन्यांना वास सुटेपर्यंत मिरची काळी पडते. दगडफूल अगदी शेवटी, नुसतं गरम करायचं. सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा, नाहीतर वाफ धरून मसाल्याच्या गुठळ्या होतात. हळद-सुंठ नंतर मिसळा. वस्त्रगाळ करायची गरज नाही, रव्यासारखा जाडसर असू द्या.

मीठ या मसाल्यात घालायचं नाही. ते मांसाच्या वजनावर मोजावं लागतं: किलोला १२ ते १५ ग्रॅम. मसाल्याची चव बहुतांशी वरच्या थरातच राहते, आत शिरतं ते मीठ. आधी ते पाणी बाहेर ओढतं, त्या पाण्यात विरघळतं आणि मग हळूहळू आत मुरतं. म्हणून मांस धुऊन स्वच्छ फडक्यानं कोरडं टिपा, मीठ चोळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. कोंबडीला निदान दोन तास, मटणाला रात्रभर. जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवण्याचा धोका पत्करू नका. मटण कोवळ्या बोकडाचं हवं आणि तुकडे चापांचे. निबर मांडी सुक्या मसाल्यानं मऊ होत नाही, तिचा रस्साच करावा.

भाजण्याआधी अर्धा तास मांस पुन्हा टिपा, शेंगदाणा तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि किलोला २५ ग्रॅम मसाला दाबून लावा. मिरचीचा तिखटपणा आणि रंग तेलात उतरतो, शिवाय मसाला चिकटून राहतो.

भरताची वांगी भाजतो त्या कपाशीच्या काड्या इथे चालत नाहीत. त्यांचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो. बाभळीचा कोळसा घ्या, त्यावर पांढरी राख धरू द्या आणि निखारे एका बाजूला सारा. मांस आधी मोकळ्या बाजूला झाकून शिजवायचं, शेवटची दोन-तीन मिनिटं निखाऱ्यावर उलटसुलट. चरबी ठिबकून जाळ उठला की लगेच बाजूला घ्या. कोंबडी हाडापाशी गुलाबी दिसता कामा नये. तापमापक असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस भरले पाहिजेत.

लसणाशिवाय खान्देशी जेवण अपुरं, पण तो मसाल्यात घातला तर जळतो. चार पाकळ्या ठेचून गरम शेंगदाणा तेलात परता आणि मांस उतरवल्यावर वरून लावा. पाच मिनिटं थांबून, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर, कांदा-लिंबू घेऊन वाढा.

उरलेला मसाला काचेच्या कोरड्या बरणीत दोन-तीन महिने छान राहतो. लागेल तेवढाच आधी वाटीत काढून घ्या. कच्च्या मांसाचा हात लागलेला मसाला बरणीत परत टाकू नका.