घरपट्टी भरण्याआधी नमुना 8 मधला तो एक रकाना वाचा

माझ्या सासूबाईंचं घर म्हणजे तीन भिंती दगड-मातीच्या, चौथी विटांची आणि वर पत्रे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आमच्या औसा तालुक्यात माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, झोपायची कुणाची छाती होईना. सासऱ्यांनीही माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले. ग्रामपंचायतीच्या वहीत मात्र हेच घर 'आरसीसी' म्हणून बसलेलं. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणालाच आठवत नाही. कितीतरी वर्षं आम्ही पत्र्याखाली झोपलो आणि घरपट्टी स्लॅबची भरली. वर घरकुलाला नाव द्यायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "तुमचं तर पक्कं घर हाय की, माय."

म्हणून सवलत, घरकुल सगळं नंतर. आधी उतारा काढा.

उतारा मागताना नीट मागा. तलाठ्याकडं मिळतो तो शेतीचा आठ-अ. घराचा तो ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणीची नोंद. गावात दोन्हीला आठ-अच म्हणतात, त्यामुळं निम्म्या लोकांचा पहिला हेलपाटा इथंच वाया जातो. माझाही गेला.

हातात आला की चार गोष्टी बघा: मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव, भोगवटादाराच्या म्हणजे तिथं राहणाऱ्याच्या रकान्यात कुणाचं, बांधकामाचा प्रकार (आमची चूक याच रकान्यात होती) आणि क्षेत्रफळ. शक्य असेल तर बांधकामाचं वर्षही. 31 डिसेंबर 2015 ला नियम बदलले, तेव्हापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. जागेचा दर, बांधकामाचा दर, घर जुनं असेल तर घसारा म्हणजे जुनेपणाची वजावट आणि वापर कशासाठी, या सगळ्यांवरून ते मूल्य ठरतं. मातीच्या घराला दर कमी, आरसीसीला जास्त. ओसरीत किराणा दुकान टाकलं असेल तर तेवढ्या भागाचा भारांक, म्हणजे वापरानुसार लागणारा गुणक, वाढतो. पण दुकान बंद करून पाच वर्षं झाली असतील तर तेही वहीत बंद व्हायला पाहिजे ना! टेप घेऊन घर स्वतः मोजा. आमचं क्षेत्रफळसुद्धा जास्त निघालं, कारण मागचा गोठा घरातच धरला होता.

चूक सापडली तर तोंडी सांगून येऊ नका. "करून टाकू की" हे वाक्य मी सहा महिने ऐकलं. साधा अर्ज लिहा, सोबत घराचे चारही बाजूंचे फोटो, उताऱ्याची झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तेव्हा यादी लागते आणि हरकतीला मुदत मिळते. ती नोटीस चुकवू नका. ग्रामपंचायतीनं ऐकलं नाही तर अपील पंचायत समितीकडं. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. पोच दाखवल्यावर पुढच्या मासिक सभेत विषय आला आणि दुरुस्ती झाली. मागचे जादा पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

मालकाच्या रकान्यात वारलेल्या माणसाचं नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज त्याच दिवशी द्या. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लागतात. सगळ्या म्हणजे लेकीसुद्धा. "त्या कुठं मागायला येणारेत" म्हणून त्यांची नावं गाळायची खोड आपल्याकडं जुनी आहे. माझ्या दोन्ही नणंदांनी आनंदानं सह्या केल्या, फक्त आधी विचारलं पाहिजे. आणि हो, नमुना 8 म्हणजे मालकीचा पक्का कागद नव्हे. गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेची सनद आणि मिळकत पत्रिकाही घेऊन ठेवा.

आता सवलत. ग्रामपंचायतीत 30 सप्टेंबरच्या आत वर्षाची पट्टी भरली तर 5 टक्के सूट मिळते. घरात माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा पत्नी असेल तर 2020 पासून एका घराला करमाफी आहे. त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. नगरपरिषदेत राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. तिथं थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती म्हणजे दंड चढतो, म्हणून शास्तीमाफीची घोषणा झाली की मुदतीत मूळ रक्कम भरून मोकळं व्हा.

घरकुलाचं म्हणाल तर प्रधानमंत्री आवासमधून ग्रामीण भागात 1,20,000 रुपये मिळतात. 2025 मध्ये राज्यानं त्यात 50,000 ची भर घातली, पण त्यातले 15,000 सौर पॅनल बसवलं तरच. शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि 5 ब्रासपर्यंत वाळू फुकट. अनुसूचित जातींना रमाई, आदिवासींना शबरी, ओबीसींना मोदी आवास अशा वेगळ्या योजना आहेत. जागाच नसेल तर दीनदयाळ उपाध्याय योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला 1 लाखापर्यंत मदत होते. दारात मोटारसायकल आहे म्हणून नाव कटतं, ही भीती आता सोडा. ती अट काढली आहे.

मंजुरी आल्यावर पायाभरणी, जोत्याचा फोटो, पुढचा हप्ता हे इंजिनिअर सांगतातच. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: आधार कुठल्या बँक खात्याला जोडलंय ते आधी बघा. सासूबाईंच्या घरकुलाचा 15,000 चा पहिला हप्ता आला नाही म्हणून आम्ही पंचायत समितीला चार चकरा मारल्या. पैसे तर केव्हाचे आले होते, एका जुन्या जनधन खात्यात. त्याचं पासबुक ट्रंकेत होतं आणि निम्मं उंदरांनी खाल्लं होतं.