सर्व्हर कुठल्या गावचा, ते आधी बघा
लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची वेबसाइट अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवण्यात काय हशील? गिऱ्हाईक कोथरूडचं, आणि माहितीच्या तिकडच्या प्रत्येक हेलपाट्याला जवळजवळ पाव सेकंद जातो. पान उघडायच्या आधीच असे दोन-तीन हेलपाटे होतात: जोडणी, एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करायची तयारी), मग पानाची मागणी. क्लाउडवर (म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर) खातं उघडताना रीजन, म्हणजे सर्व्हर कुठल्या भागातला हवा, ते विचारतात, तिथे आधीच भरलेलं परदेशी नाव बरेच जण तसंच सोडतात. ते बदला. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे. मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ तर खुद्द पुण्यात. एचटीटीपी/३ ची (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नव्या पद्धतीची) सोय असेल तर तीही चालू करा, जोडणी आणि एन्क्रिप्शन एकाच फेरीत उरकतं. आणि हो, फोटो लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये टाका. मोबाइलवर काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवलात तर सर्व्हर शनिवारवाड्यात ठेवूनही उपयोग नाही.