विशिष्ट गुरुत्वाची गणितं: या चुका टाळा

कृतीत ५० ग्रॅम ग्लिसरीन सांगितलंय आणि ते मोजपात्राने घ्यायचंय. विशिष्ट गुरुत्व १.२५, म्हणजे तेवढ्याच घनफळाच्या पाण्याच्या १.२५ पट जड. घाईत ५० × १.२५ होतं आणि ६२.५ मिली ओतलं जातं. हवा होता भागाकार: ५० ÷ १.२५, म्हणजे ४० मिली. सूत्र तोंडपाठ असणारेही इथे फसतात. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड, त्यामुळे त्याच्या ग्रॅमचा आकडा मिलीपेक्षा मोठाच असणार. अल्कोहोलचं उलट. उत्तर वाढायला हवं की घटायला, हे आधी ठरवा, मग कॅल्क्युलेटर उचला.

खरी गोची टक्केवारीत आहे. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर ३७ टक्के डब्ल्यू/डब्ल्यू (वजनाला वजन) आणि विशिष्ट गुरुत्व १.१८ असे दोन आकडे असतात. ३७ टक्के म्हणजे १०० ग्रॅम द्रवात ३७ ग्रॅम आम्ल. १०० मिलीत नव्हे. समजा १ लिटर १० टक्के डब्ल्यू/व्ही (वजनाला घनफळ, म्हणजे १०० मिलीत १० ग्रॅम) द्रावण हवंय. आम्ल लागणार १०० ग्रॅम, म्हणजे बाटलीतला द्रव १०० ÷ ०.३७ = २७०.३ ग्रॅम. पुष्कळजण इथेच थांबतात आणि २७० मिली मोजतात. अजून १.१८ ने भागायचं राहिलंय! बरोबर उत्तर २२९ मिली. भागायचं विसरलात तर द्रावण ११.८ टक्क्यांचं होतं. (आणि आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.)

विशिष्ट गुरुत्वाला एकक नसतं. १.२५ च्या पुढे ग्रॅम/मिली लिहिलंत की ती घनता झाली. किलो प्रति घनमीटरमध्ये हीच घनता साधारण १२५० भरते.

पिक्नोमीटरने (ठरावीक घनफळाच्या छोट्या बाटलीने) विशिष्ट गुरुत्व काढताना रिकाम्या बाटलीचं वजन दोन्हीकडून वजा करा. बाटली २५ ग्रॅम, पाण्यासकट ५०, द्रवासकट ५६.२५ असेल तर ३१.२५ ÷ २५ = १.२५. वजाबाकी विसरलात तर १.१२५ येतं, आणि तेही खरं वाटतं, हीच पंचाईत. आत बुडबुडा राहू देऊ नका, तापमानही दोन्ही वेळा सारखंच ठेवा.

मिश्रणात थेट सरासरी काढू नका. १०० मिली ग्लिसरीन आणि ३०० मिली पाणी: (१२५ + ३००) ÷ ४०० = १.०६ च्या आसपास, १.१२५ नाही. तेही घनफळांची बेरीज जुळते असं धरून. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिसळलं तर १०० मिली भरतच नाही, ९६-९७ च्या आसपास राहतं. म्हणून तर कृतीत पाण्याचं माप न देता ‘१०० मिली होईपर्यंत’ असं लिहिलेलं असतं.