चाकांची आगबोट: 1:100 मॉडेल, तलावात चालेल असं

ब्रिस्टलहून निघालेली ‘ग्रेट वेस्टर्न’ ही आगबोट एप्रिल 1838 मध्ये 15 दिवसांत न्यूयॉर्कला पोचली. तिची मापं शंभराने भागा: लांबी 72 सेंमी, रुंदी 10.8, बाजूची चाकं 8.8 सेंमी व्यासाची. शिडं, रंग सगळं नंतर. चाक पाण्यात किती बुडतं, हे आधी साधायचं.

25 मिमी थर्माकोलचे तीन थर फेविकॉलने चिकटवून बोटीचा आकार कापा. उग्र वासाचा रबरी गोंद किंवा ऑइलपेंट थेट लावला तर थर्माकोल विरघळतो. आधी पातळ फेविकॉलने वर्तमानपत्राचे चार थर चढवा, रंग त्यावर. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात वाळत घालू नका. एक बाजू आधी आवळते आणि बोट वाकडी होते.

पाण्याची रेघ तळापासून 5 सेंमीवर आखा. तिथवर बुडायला एकूण वजन साधारण सव्वादोन किलो लागतं, थर्माकोल तर नावालाच. म्हणून तळाच्या थरात खाच करून 25 × 5 मिमी लोखंडी पट्टीचे 40 सेंमी तुकडे बसवा, प्रत्येकी सुमारे 390 ग्रॅम. चार पक्के चिकटवा. उरलेलं वजन टबात तरंगवून, लहान तुकड्यांनी जुळवा.

चाकाला 30 × 10 मिमीची 12 प्लॅस्टिक पाती लावा. तबकड्या भरीव नकोत, पाणी उचलतात; खिडक्या कापा. 3 मिमी सळईचा आस रेघेपासून 33 मिमी वर ठेवा, म्हणजे खालचं पातं जेमतेम बुडतं. जास्त बुडालं तर मोटर दमते, कमी बुडालं तर पाणी नुसतं उडतं. खऱ्या बोटींनाही हाच जाच होता: निघताना कोळशाने जड, चाकं खोल, कोळसा जळत गेला की चाकं वर.

मोटर 6 व्होल्टची, मिनिटाला 150 फेऱ्यांची, गिअरवाली ‘बीओ’ (बॅटरीवर चालणारी छोटी मोटर). ती आसाला रबरबँडने, सारख्या मापाच्या पुल्यांवरून जोडा. पात्यात शेवाळ अडकलं तर रबर घसरतं, मोटर जळत नाही. धुराड्याला यंत्रमागाची रिकामी कांडी झकास दिसते.

सोलापुरातल्या कंबर तलावावर पहाटे जा, जलपर्णी नसलेल्या कडेला. वाऱ्याने 3 सेंमीची लाट उठली, तर या मापात ती 3 मीटरची! बोट डुलते, एक चाक हवेत जातं, दुसरं खोल, आणि ती नागमोडी पळते. दोन्ही चाकं एकाच आसावर, त्यामुळे वळवायला फक्त सुकाणू. मागे मासेमारीचा दोरा बांधूनच सोडा.