मनगटाचा एक्स-रे 'नॉर्मल' आला? तरी या चुका टाळा

हात टेकून पडलं, मनगट दुखतंय म्हणून एक्स-रे काढला, रिपोर्टमध्ये फ्रॅक्चर नाही असं आलं आणि सगळे निवांत झाले, खरी गडबड इथूनच सुरू होते. मनगटात छोटी छोटी आठ हाडं असतात, त्यातलं अंगठ्याकडचं स्कॅफॉइड सगळ्यात जास्त मोडतं आणि पहिल्या एक्स-रेत हुकतंही तेच. चीर केसाएवढी, तुकडे जागचे हललेले नाहीत, मग फिल्मवर दिसणार तरी काय?

अंगठा ताणून वर केला की मुळाशी दोन शिरांच्या मधे खळगा पडतो बघा, तिथे दाबल्यावर कळ येत असेल तर रिपोर्ट काही का म्हणेना, फ्रॅक्चर आहे असंच धरून चालायचं. प्लास्टर किंवा स्प्लिंट लावायचा आणि 10 ते 14 दिवसांनी परत एक्स-रे, कारण तोवर चिरेच्या कडेचं हाड थोडं झिजतं आणि चीर दिसायला लागते. पण सूज उतरली की लोक दुसऱ्या एक्स-रेला फिरकतच नाहीत! स्कॅफॉइडला रक्त बोटांकडच्या टोकातून शिरून मागे कोपराच्या दिशेने जातं, त्यामुळे हाड मधे मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं, मग ते जुळत नाही, कधीकधी तो तुकडाच मरतो आणि पुढे सांधा झिजतो तो वेगळाच.

दुसरी चूक म्हणजे घाईत दोनच व्ह्यू काढणं. समोरून, बाजूने, तिरका आणि शिवाय मनगट करंगळीकडे वळवून स्कॅफॉइडचा खास व्ह्यू हवा, त्यात ते हाड पूर्ण लांबीत दिसतं. बाजूचा व्ह्यू नीट नसेल तर मामला गंभीर होतो. त्यात रेडियस (कोपरापासून मनगटापर्यंतचं, अंगठ्याकडचं हाड) आणि मनगटातली ल्युनेट, कॅपिटेट ही दोन हाडं साधारण एका रेषेत दिसायला हवीत. ती रेष मोडली असेल तर सांधा निखळलाय, आणि ही इमर्जन्सी आहे, समोरच्या फोटोवर मात्र हे सहज नजरेतून सुटतं.

सीटी आणि एमआरआयमधेही लोक गोंधळतात. लपलेलं फ्रॅक्चर शोधायला एमआरआय उत्तम, तुकडे किती सरकलेत, हाड जुळलं का, ऑपरेशन कसं करायचं, यासाठी सीटी. कामावर किंवा मैदानावर लवकर परतायचं असेल तर 10 ते 14 दिवस उगाच प्लास्टर वागवण्यापेक्षा सुरुवातीलाच एमआरआयचं विचारून घ्या, असं माझं मत.

लहान मुलांच्या हाडात वाढीची जागा काळ्या रेषेसारखी दिसते, तिला फ्रॅक्चर समजून घाबरणारे पुष्कळ.

आणि कृपया, फिल्म खिडकीला धरून काढलेला मोबाईल फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून 'बघा ना, काही आहे का' विचारू नका, केसाएवढी चीर त्यात कोणालाही दिसणार नाही. सेंटरवरून मूळ फाईल किंवा सीडी मागून घ्या.